चौदावं पान

"मोजून घ्या," आबा म्हणाले. "वाटणारा सख्खा भाऊ असला, तरी मोजून घ्यायची."

मी मोजली. सोनटक्के मास्तरांनी जिभेला अंगठा लावून मोजली. सदानंद गुरवाने मात्र पानं उचलली आणि सरळ लावायला घेतली.

"तुम्ही मोजली नाहीत?" आबांनी विचारलं.

"तुम्ही वाटलीत, आबा. बरोबरच असणार की."

आबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे एकदा बघितलं आणि आपली पानं उघडली. मला वाटलं, गड्याने पहिल्याच चेंडूला चौकार मारला. आबांना खूश करायला मला लग्नानंतर दोन दिवाळ्या लागल्या होत्या.

ही गोष्ट फलटणची, तीस वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली. आबा म्हणजे माझे सासरे, दत्ताजीराव इंगवले. कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी कोर्ट सोडलं होतं, कोर्टाने त्यांना सोडलं नव्हतं. दर रविवारी दुपारी त्यांच्या सोप्यात सतरंजी पडायची आणि रमीचा डाव बसायचा. पैसे लावायचे नाहीत, चिंचोके लावायचे. पण चिंचोक्यांच्या त्या खेळालाही आबांनी एक नियमांची वही करून ठेवली होती, कोर्टातल्या फायलीसारखी लाल फितीने बांधलेली. तिच्यात सव्वीस कलमं होती. वाद झाला की आबा फीत सोडत, चष्मा पुसत, कलम वाचत, आणि वाद तिथेच मिटे. त्या वहीची आम्ही पाठीमागे टिंगल करायचो, समोर कुणाची छाती नव्हती.

"माणूस पत्त्यांत कळतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. बँकेतली नोकरी दाखवून मी कुमुदला मागणी घातली, तेव्हा मलाही याच सतरंजीवर बसवून पारखलं होतं. आज सदानंदची पाळी होती.

वैजू माझी धाकटी मेहुणी. वैजयंता तिचं पूर्ण नाव. मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. सदानंद त्याच शाळेत चित्रकला शिकवायचा. दोघांचं ठरलं होतं, आणि वैजूने ते कुणाला मध्ये न घालता स्वतःच आबांना सांगितलं होतं. आठ दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. नवव्या दिवशी आबा म्हणाले, "मी जात बघत नाही. माणूस बघतो. रविवारी जेवायला बोलव त्याला."

कुमुदने मला मुद्दाम रजा टाकायला लावून आणलं होतं. येताना एस.टी.त दहादा बजावलं, "अहो, त्याच्या बाजूने दोन शब्द बोला. आबा तुमचं ऐकतात. तिचं सगळं आजच्या दिवसावर आहे."

"बोलतो की," मी म्हणालो. मला बोलायला काय लागतं?

जेवायला आमरस-पुरी होती. सदानंद बेताने जेवला, बेताने बोलला. अंगावर इस्त्रीचा पांढरा सदरा होता, नखांच्या कडेला मात्र निळा रंग राहिला होता. वैजू त्याच्याकडे एकदाही बघत नव्हती.

जेवणं उरकली. सोनटक्के मास्तर, आबांचे शेजारी, हातपंखा घेऊन आले आणि खेळ सुरू झाला. रमी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येकाला तेरा पानं. एक उचलायचं, एक टाकायचं. एकाच रंगाची ओळीने किंवा एकसारखी, अशी तीन-तीन चार-चार पानं लावत सगळी लागली की 'शो' म्हणून खाली मांडायची. मांडणी चुकली तर आबांच्या वहीतलं कलम चार लागे: चुकीचा शो, ऐंशी चिंचोके, त्या डावातून बाहेर. त्याला अपील नव्हतं.

तिसऱ्या डावात मी मोठ्या ऐटीत 'शो' म्हणालो आणि पानं मांडली. मास्तरांनी वाकून बघितलं आणि ते फिसकन हसले.

"जावईबापू, जोकरशिवायची एक तरी ओळ हवी की. तुमच्या दोन्हीत जोकर!"

मी बघितलं. खरंच होतं. कॉलेजातलं पोरही करणार नाही अशी चूक. सगळ्यांनी माझी पानं बघितली होती. मी चिंचोक्यांच्या डब्याकडे हात नेला.

"राहू द्या, प्रतापराव," आबा म्हणाले. "उचला पानं. उकाडा काय कमी आहे का? डोकं चालत नाही माणसाचं."

"पण आबा, कलम चार..."

"घरातला खेळ आहे. फाशी द्यायची आहे का कुणाला?"

"असू द्या की," सदानंदही म्हणाला. "होतं असं. खेळा तुम्ही."

मी पानं उचलली आणि तो डाव जिंकलोसुद्धा. कुणाला काही वाटलं नाही. जावई माणूस. मला तर तो आपला हक्कच वाटला.

मग वैजू हापूसच्या फोडी घेऊन आली. जेवणातला रस पोटात होताच, पण आंब्याला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. सदानंदने आणि आबांनी नको म्हटलं, मास्तरांना साखर होती. मी तीन फोडी सालीपर्यंत ओरबाडून खाल्ल्या. वाटायची पाळी माझी होती. हात धुवायला मोरीपर्यंत जायचं जिवावर आलं, म्हणून बोटं धोतराला... नाही, त्या दिवशी पँट होती, रुमालाला पुसली आणि वाटायला घेतलं.

पानं जरा अडकत होती. शेवटच्या फेरीत सदानंदसमोर पान टाकताना ते मला जाड लागलं. म्हणजे लागल्यासारखं वाटलं. थांबून त्याला 'मोज' म्हणायला हवं होतं. पण मास्तर काहीतरी गोष्ट सांगत होते, ती ऐकायच्या नादात मी पुढचं पान टाकलं.

"मोजून घ्या," आबा म्हणाले.

आम्ही मोजली. त्याने याही खेपेला मोजली नाहीत.

पाच-सहा फेऱ्यांत त्याचा चेहरा उजळला. त्याने एक पान पालथं टाकलं, हलकेच 'शो' म्हणाला आणि सतरंजीवर पानं मांडली. इस्पिकची चौकी, पंजी, छक्की, सत्ती. बदामची अठ्ठी ते गुलाम, चार पानं. तीन राजे. तीन तिऱ्या. चित्रकलेच्या मास्तराला शोभेल अशी रेखीव मांडणी होती. स्वयंपाकघराच्या दारात वैजू उभी होती. त्या दिवसात पहिल्यांदाच ती हसली.

सोनटक्के मास्तरांना सवय वाईट. ते बोटाने मोजत गेले.

"चार न् चार आठ, तीन अकरा, न् तीन..." ते थांबले. "चौदा."

"काय?"

"चौदा पानं आहेत, दत्ताजीराव."

आबांनी स्वतः मोजली. मग त्यांनी वही जवळ ओढली आणि फीत सोडली. मघाशी माझ्या वेळेला ती फीत सुटली नव्हती.

"चौदावं पान कुठून आलं?"

सदानंद आपल्याच पानांकडे बघत राहिला. "मला नाही माहीत, आबा. आलं होतं तेवढंच लावलं मी."

"कलम एक. वाटल्यावर पानं मोजून घ्यावीत. तीनदा मी तोंडाने सांगितलं. का नाही मोजलीत?"

तो गोंधळला. मग खरं ते बोलला, आणि तिथेच मेला.

"आमच्यात मोजत नाहीत. आमच्याकडे भैरोबाची पूजा आहे. लोक हातावर ठेवतात, नारळ म्हणा, तांदूळ म्हणा. देणाऱ्याच्या समोर मोजायचं नाही, त्याचा अपमान होतो, असं आजोबांनी शिकवलंय. तीच सवय."

"आमच्यात मोजतात," आबा म्हणाले.

मास्तर पंखा हलवायचे थांबले. मग तेच बिचारे म्हणाले, "अहो, पण यातली एक चौकी काढली तरी डाव लागतोच की त्याचा. जास्तीच्या पानाचा फायदा काय झाला? आणि मघाशी जावईबापूंना आपण..."

"ती चूक होती. हे जास्तीचं पान आहे." आबांनी वहीचं पान उलटलं. "तरी मी अन्याय करणार नाही. कलम सात. वाटणाऱ्याने आपली चूक कबूल केल्यास डाव रद्द, कुणावर ठपका नाही, पुन्हा वाटप." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "प्रतापराव, पानं तुम्ही वाटली होतीत. तुमच्या हातून झाली नसणारच, पण विचारणं माझं काम आहे."

सदानंदनेही माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत काकुळती नव्हती. एखाद्याला किती वाजले विचारावं, आणि तो घड्याळ बघून सांगेल याची खात्री असावी, तसा तो बघत होता.

"नाही," मी म्हणालो. "मी तेरा-तेराच वाटली."

एवढंच. दोन शब्द बोला म्हणाली होती बायको. मी चांगले चार बोललो.

आबांनी वही मिटली, फीत बांधली. सदानंद उठला. त्याने आबांना वाकून नमस्कार केला, मास्तरांना केला, मलाही केला. दाराकडे त्याने बघितलं, पण वैजू तिथे नव्हती. बाहेर उन्हात त्याची सायकल तापली होती. सीटवर हात ठेवून तो जरा थांबला, आणि मग चालत सायकल हातात धरूनच गेला.

"माणूस पत्त्यांत कळतो," आबा म्हणाले. "चिंचोक्यांसाठी जो पान लपवतो, तो उद्या संसारात काय लपवील?"

पानं गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. त्याच्या चौदा पानांतलं शेवटचं उचलून मी पालथं केलं. चौकटचा राजा होता. पाठीवर पिवळा अंगठा उमटला होता, स्पष्ट, रेषांसकट. मी ते पान पँटीला घासलं, गड्डीत मध्येच खुपसलं आणि पिसायला घेतलं. माझ्याइतकी चांगली पिसणी त्या घरात कुणाची नव्हती.

मी खोटं का बोललो, हे मला लोकांनी विचारलं नाही, कारण कुणाला ठाऊक नव्हतं. स्वतःला विचारलं तेव्हा बरीच वर्षं मी सोयीची उत्तरं दिली. एकाच दुपारी दोन चुका कशा कबूल करायच्या? आबांनी 'नसणारच' म्हटल्यावर 'झाली' कसं म्हणायचं? भर पंचांत म्हाताऱ्याला तोंडघशी कसं पाडायचं? ही सगळी सारवासारव. खरं कारण त्या क्षणी माझ्या मनात लख्ख होतं. वैजूचं लग्न झालं असतं की गुरव माझा सख्खा साडू झाला असता. सणासुदीला आम्ही शेजारी-शेजारी पाटावर बसलो असतो, एकाच मानाने. माझ्या चुलत्यांनी, गावच्या भावकीने विचारलं असतं, साडू कोण? मी सांगितलं असतं? आबा जात बघत नव्हते. त्यांना त्यासाठी वही होती. मला वहीही लागली नाही, एक 'नाही' पुरलं.

आता कुणी म्हणेल, एवढ्या तेवढ्या पत्त्यांवरून लग्न मोडतं का? मोडतं. बाप 'गुरव आहे' म्हणाला असता तर वैजू भांडली असती, घर सोडून गेली असती, तेवढी धमक तिच्यात होती. पण बाप 'लबाड आहे' म्हणाला. आणि गावभर तेच झालं. मास्तरांनी कुणाला सांगितलं, की आबांनी, की मीच चहाच्या टपरीवर हसत-हसत, ते आता आठवत नाही. म्हणजे आठवतं. मीच. शाळेत पोरी फळ्यावर चौदा आकडा काढून ठेवू लागली. जूनमध्ये सदानंदने बदली मागून घेतली, अकलूजकडे. वैजूला सांगूनही गेला नाही. लबाड ठरलेल्या माणसाने तिच्या दारात कोणत्या तोंडाने यायचं, असं त्याने कुणाजवळ तरी म्हटल्याचं पुढे कानावर आलं. दोन वर्षांनी त्याचं तिकडे लग्न झालं.

वैजूला पुढे तीन स्थळं आली. तिन्ही खेपेला ती आबांना म्हणाली, "आधी पत्ते खेळा त्यांच्याशी." चौथं स्थळ कुणी आणलं नाही.

परवा फलटणला गेलो होतो. मी आता निवृत्त झालो आहे, गुडघ्यांमुळे कुमुद कुठे येत नाही. सासूबाई जाऊन बारा वर्षं झाली, मास्तरही गेले. आबा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. माणसं ओळखतात, पण कधी मला सोनटक्के म्हणतात, कधी साहेब. वैजू दोन वर्षांत निवृत्त होईल. ती दुपारी शाळेतून येते, त्यांचं अंग पुसते, भात कालवून भरवते, आणि मग सतरंजी टाकते.

"बसा, दाजी," ती म्हणाली. "तिघं असलो की त्यांना बरं वाटतं."

बसलो. खेळ कसला, तमाशा होता. आबा पाळी नसताना पान उचलत. टाकलेलं पान परत घेत. माझ्या हातातली पानं वाकून सरळ बघत. वैजू कशालाच हरकत घेत नव्हती. "घ्या, आबा. हो, बरोबर आहे. छान लागलं." सव्वीसच्या सव्वीस कलमं म्हातारा तिच्यासमोर एकेक करून मोडत होता आणि ती माना डोलवत होती. लाल फीत मला खुंटीला दिसली, तिच्यात किल्ल्या अडकवल्या होत्या. वही कुठे दिसली नाही.

"शो!" आबा ओरडले. त्यांनी पानं मांडली. दोन राण्या, शेजारी एक सत्ती, काही पानं पालथीच. आणि माझ्या बोटांना कसली खाज आली कोण जाणे, मी मोजली. हसत-हसत, लहान मुलाला चिडवावं तसं म्हणालो, "आबा, लबाडी चालायची नाही हं. चौदा आहेत तुमच्याकडे."

आबा घाबरले. त्यांचे ओठ हलायला लागले. "मला... मला आली तेवढीच लावली मी," ते म्हणाले.

वैजूने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बरोबर आहेत, आबा. माझ्याकडून वाटताना जास्त गेलं एक. चूक माझी. डाव तुमचा."

मग तिने माझ्याकडे बघितलं.

"आज बरी मोजता आली, दाजी."

मी पान चाळवल्यासारखं केलं. "म्हणजे?"

"आंब्याच्या फोडी तुमच्या हातात मीच दिल्या होत्या. तुम्ही वाटत होतात तेव्हा ताटली घेऊन तिथेच उभी होते. दोन पानं एकदम गेलेली मी बघितली." तिचा आवाज चढला नव्हता. वर्गात फळ्यावर गणित सोडवून दाखवावं तशी ती बोलत होती. "नंतर तुम्ही राजा पँटीला पुसलात, तेही बघितलं. खिडकीतून."

"मग तू..." मी हातातली पानं खाली ठेवली. "मग तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"मी बोलले असते तर काय म्हणाले असते? पोरगी आपल्या माणसासाठी खोटं बोलते. माझा शब्द कलमात बसत नव्हता. वाटणाऱ्याचा बसत होता." ती पानं गोळा करू लागली. "आबांनी तुम्हाला विचारलं, तेव्हा मला इतकं हायसं वाटलं होतं. म्हटलं, सुटलो. दाजी आहेत."

"वैजू, मी त्याला शोधून..."

"कशाला? त्याची मुलगी इंजिनिअर झाली. तुमचं ओझं नका नेऊ तिकडे."

"जिंकलो का मी?" आबांनी विचारलं.

"जिंकलात, आबा."

तिने पानं पिसली. मग सावकाश, एकेक पान वेगळं करून, प्रत्येक पानावर अंगठा फिरवून ती वाटत गेली. आबांना, मला, स्वतःला. माझ्यासमोरची गड्डी तिने बोटाने पुढे सरकवली.

"मोजून घ्या, दाजी."

मी तिच्यासमोर मोजली. तेरा होती.